सातव्या ग्रीनचा काठ

पहाटे पाचला छावणीच्या मैदानावर
दव अजून कुणी मोडलेलं नसतं.
सालेह चाऊस मला मोवरवर चढू देत नाहीत.
म्हणतात, आधी बूट काढ, अनवाणी चाल
सातव्या ग्रीनच्या काठानं.

चालतो.
गार, गार, गार,
मग एकदम खरखरीत. टाच थांबते.
हातभर पट्टा,
जुवाखालच्या मानेसारखा घट्टा पडलेला.

"हे तुझं काम, मियाँ. कालचं नाही, चैत्रापासूनचं.
रोज तिथंच वळलास."

मला वाटायचं, गवत मरत असेल तर पात्यानं.
पातं तर सरळ जातं, कापतं नि सोडून देतं.
मारतो तो चाकाचा पीळ:
आतलं चाक जागीच थबकतं,
बाहेरचं घाईनं फिरतं,
मधल्या मुळीला कळत नाही
कुणाच्या बाजूनं जावं.

आमच्या गेवराईकडं हरळी म्हणजे वैरीण.
बाप कुदळीनं खणायचा, आई वेचून बांधावर टाकायची,
उन्हाळाभर वाळायची, श्रावणात पुन्हा हजर.
इथं तिचंच नाव बर्मुडा.
पगार घेऊन मी तिचे केस विंचरतो.
आणि जी कुदळीला नाही मेली
ती माझ्या वळण्यानं मेली.

चाऊस फार बोलत नाहीत. काठीनं दाखवतात.
पाती उचल इथं. वेग सोड इथं.
पुढं जा, अजून पुढं, उंच गवतात,
त्या कडुनिंबापर्यंत जा, डिझेलची काळजी नको,
आणि डोईवर घागर असल्यासारखा वळ.
आज निंबाकडून, उद्या टाकीकडून.
ओल असेल तर काठाचा फेराच सोड.
एक दिवस वाढलं तर वाढलं.

"आणि जागाच नसेल तर?
तिकडं वाळूचा खड्डा आहे, तिथं कुठं जाऊ?"

हसले. शेडमधून एक फळी ओढत आणली,
कुणाच्या तरी जुन्या दाराची,
कडीची भोकं तशीच,
आणि चाकाखाली अंथरली.
"हिच्यावर वळ. दार आहे.
वळण्यातच जन्म गेला हिचा."

पट्ट्यात भोकं पाडली, वाळू भरली,
तेराव्या दिवशी एक कोंब.
साहेबलोक आले, चेंडू गडगडत गेला,
काठाकडं कुणी पाहिलं नाही. पाहू नये हेच काम.

परवा फाटकाशी सायकल वळवताना
एवढा मोठा फेरा घेतला मी
की मागचा रिक्षावाला ओरडला,
काय रे, ट्रक चालवतोस का?