मोजमाप वही

बोपोडीची जुनी शाळा पाडली तेव्हा
राडारोडा वाहून टाकायचा दर होता,
ठेवून घ्यायचा नव्हता.
मी ठेवून घेतला.
साहेब फोनवर म्हणाले, मॅडम, भंगाराचं दुकान काढताय का?

काळा दगड तीनशे सत्तर, चुना खरवडून.
सागाच्या बारा तुळया, पैकी नऊ वाळवीविना.
कौलं मोजली नाहीत.

नकाशात सगळं होतं :
बांबूचा सांगाडा, जाळीची भिंत,
कौलांवरचं पाणी मैदानाखालच्या टाकीत.
बाणसुद्धा काढले होते, निळे पाण्याचे, तांबडे वाऱ्याचे.
यल्लाप्पा धोत्रेने कागद उलटा धरला, सुलटा धरला,
विचारलं, पोरी किती वाजता येत्यात?
पाचला.
मग पाचला या.

पाचला तो मैदानाच्या मधोमध उकिडवा,
खो मिळायची वाट बघत असल्यासारखा.
चैत्र. माती तव्यागत.
माझ्या पायऱ्या पूर्वेला, तोंड थेट उन्हात.
त्याने पश्चिमेच्या कडुनिंबाखाली
टाचेने एक रेघ ओढली. म्हणाला, हितं.

तो निंब माझ्या कागदावर
'अडथळा क्रमांक दोन' होता.

फेरनकाशाला तेवीस दिवस गेले.
मधेच कुणाला तरी प्लॅस्टिकचं हिरवं गवत हवं झालं,
उद्घाटनाच्या फोटोत उठून दिसतं म्हणे.
खो-खोच्या जैनबबाईंनी नमुन्याचा तुकडा उन्हात अंथरला,
म्हणाल्या, साहेब, चपला काढून दोन मिनिटं उभे राहा.
साहेब अर्धं मिनिट राहिले.
माती राहिली.

तिसऱ्या पायरीत एका दगडावर
निळा ऑईलपेंट निघाला, उलटा :
'मुलींसाठी'.
शाळेच्या संडासावरचा असणार.
काय लिवलंय? यल्लाप्पाने विचारलं. सांगितलं.
सुलटा करू?
चुना अजून ओला होता.
नको, म्हणाले. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मोजमाप वहीत दगडाला रकाना आहे, चुन्याला आहे,
खणून काढलेल्या मातीलाही आहे.
सावली मी 'इतर'मध्ये लिहून पाहिली :
पाच ते साडेसहा, एकवीस पोरी.
लाल शेरा आला : एकक स्पष्ट करावे.

परवा सहज गेले.
एक पोर, गुडघ्याला हळद,
तिसऱ्या पायरीशी ओणवी होऊन
मान वाकडी करून वाचत होती, वेणी धुळीत.
मु, ली, म्हणेपर्यंत
बाईंची शिट्टी झाली.
पळाली.