साडेसात किलो

हिप्परग्याच्या तळ्याकाठी बस थांबली तेव्हा
पातेलं उतरवायला दोघी लागल्या.
झाकण वेगळं. ते तिसरीनं छातीशी धरलं.
"बिडाचं आहे, जपून," मी म्हणाले.
"बिडीचं?" श्रावंती म्याकलनं विचारलं,
"आमच्या घरी आई रोज हजार वळती."
चोवीस गाईड खो खो हसल्या. मीही.
नंतर दिवसभर ते हसणं मला टोचत राहिलं.

मी त्यांना सांगितलं नाही
की हे पातेलं आधी यंत्रमाग होतं.
अक्कलकोट रोडच्या फाउंड्रीत
मोडीत आलेली चाकं, पाय, दांडे
कोकच्या भट्टीत लाल, मग पिवळे,
मग पाणी झालेले मी पाहिलेत.
गुर्रम मिस्त्री म्हणाला,
"ह्यात तुमच्या वडिलांचाबी एखादा असंल बघा."
आणि ओतलं वाळूच्या साच्यात.
एकोणीस वर्षं झाली.
बाहेरून अजून खरबरीत आहे,
चादरीच्या उलट्या बाजूसारखं.

तीन दगड. बाभळीची लाकडं.
वारा तळ्यावरून, म्हणजे धूर आमच्याच डोळ्यांत.
मल्लम्मा हत्तुरे फुंकणी शोधत बसली,
मुबीनानं वहीच्या पुठ्ठ्यानं जाळ धरवला.
बीड लवकर तापत नाही,
पण तापलं की कुणाचं ऐकत नाही.
लसूण टाकेपर्यंत लसूण काळा.
दुसऱ्यांदा टाकला.
मग अंबाडी, ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे,
आणि झाकणावर निखारे.
झाकणावर विस्तव ठेवतात हे बघून
त्या पहिल्यांदा गप्प झाल्या.

रात्री खरवडीवरून भांडण.
उलथनं ओढताना मुबीनाचा मनगटाजवळ चटका,
त्यावर टूथपेस्ट, त्यावर सगळ्यांचे सल्ले.

आणि सकाळी
पातेलं दगडावर पालथं.
करडं. उघडं. कडेला तांबूस गंज,
डिसेंबरच्या दवानं एका रात्रीत चढवलेला.
एकोणीस वर्षांचं काळं
राख, चिंच आणि नारळाच्या शेंडीनं
कुणीतरी खरडून काढलेलं.

"कुणी केलं हे?"
माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
श्रावंती पुढं आली. नखांत राख.
"आई म्हणती, भांडं काळं ठिवून झोपायचं नाही."
मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.
तळ्यावरचे बगळे मात्र उठले.

गाठींचा तास बुडाला. झेंड्याचाही.
करडईचं तेल, सुताची चिंधी,
पातळ हात द्यायचा, पुसून टाकायचा,
पालथं घालायचं निखाऱ्यांवर,
धूर संपेपर्यंत थांबायचं.
परत तेल.
आळीपाळीनं बसल्या सगळ्या,
श्रावंती मात्र जागेवरून हललीच नाही.
चौथ्या हाताला मी तिला मागांचं सांगितलं,
भट्टीचं, वाळूचं,
घरासमोरच्या टेम्पोत चाकं चढवताना
वडील आत चहा पीत बसले होते, ते.
ती म्हणाली, "साखर जास्त टाकून?"
मी म्हटलं, "तुला काय माहीत?"
ती चिंधीची घडी घालत राहिली.

संध्याकाळी पिठलं लागलं बुडाला.
तपकिरी पातेल्यातलं तपकिरी पिठलं,
वर लोखंडाची किंचित चव.
तरी कडक भाकरी चुरून सगळ्यांनी संपवलं,
मल्लम्मानं तीनदा घेतलं, नावं ठेवत.

परतताना बसमध्ये पातेलं तिच्या मांडीवर.
सात रस्त्याच्या सिग्नलला तिनं विचारलं,
"बाई, हे पहिल्यासारखं काळं कधी व्हणार?"
"एकोणीस वर्षं लागतील."
तिनं पेरांवर मोजलं,
आई बिड्यांचे कट्टे मोजते तसं, ओठ हलवत.
"म्हंजे मी बत्तीसची."
आणि खिडकीबाहेर बघायला लागली.
माझं वय तिनं मोजलं नाही.
ते मी मोजलं,
पुढचा सिग्नल येईपर्यंत.