पन्नास, पंचवीस, पाच

अँपच्या पाठीला एक खटका आहे, तीन घरांचा.
वरचे आकडे केव्हाच पुसले गेले.
लोंढे मास्तरांनी नेलपॉलिशचे ठिपके दिले होते :
लाल म्हणजे पन्नास वॉट, गुलाबी पंचवीस,
पाचला काहीच नाही.
"बाटली संपली," म्हणाले.

मी रहिमतपूरच्या सबस्टेशनात ऑपरेटर.
पाळीत दर तासाला व्होल्टेज वहीत लिहितो,
सुटीच्या रात्री क्वार्टरमध्ये
तोच आकडा कानाने वाचतो.
शेतीपंपांना थ्री फेज सुटली
की दोनशे तीसचे एकशे नव्वद होतात,
व्हॉल्व्हची लाली उतरते,
आणि सूर, काय सांगू, काकवी होतो.
तार छेडली तरी आवाज लगेच येत नाही,
आधी किंचित खाली बसतो, मग उठतो,
पाठीवर पोतं घेतलेल्या हमालासारखा.

लोकांना वाटतं, अर्धी शक्ती म्हणजे अर्धा आवाज.
नसतं तसं.
लालवरून गुलाबीवर या, कानाला जेमतेम कळतं,
कुणीतरी दार थोडं लोटल्यासारखं.
बदलतो तो स्वभाव.
पन्नासावर व्हॉल्व्ह थंड डोक्याने ऐकून घेतात,
दिलं तेच मोठं करून परत देतात,
चुकलेली जागासुद्धा, लख्ख, साऱ्या कॉलनीला.
पाचवर त्यांचा धीर लवकर सुटतो.
जरा जोर लावला की कडा खरखरते,
सूर जाड होतो, कोपरे झिजतात,
दोन सूर एकमेकांत मिसळून
न वाजवलेला तिसराच कुठून तरी येतो.

वैजयंता म्हणते,
"पाचवर तुम्ही माझ्याशी बोलताय असं वाटतं.
लालवर ऑफिसशी."

मास्तर आता साताऱ्यात, सदर बझारात, लेकीकडे.
कधीकाळी ऑर्केस्ट्रात होते,
औंधपासून म्हसवडपर्यंत जत्रा केल्या,
डिझेल जनरेटर धापा टाकायचा
आणि त्याच्या धापेवर यांचा गिटार.
आता नाकाला नळी. कॉटशेजारी यंत्र.
त्यालाही एक बटण आहे,
लेकीने दोन लिटरवर लावून ठेवलेलं.

रविवारी अँप घेऊन गेलो.
पाचवर ठेवलं, मुद्दाम, हळू वाजवलं.
म्हटलं, "मास्तर, कमी वॉटला किती गोड लागतो, नाही?"
त्यांनी डोळे मिटून ऐकलं.
एक वाक्य बोलायला त्यांना दोन श्वास लागतात.
"गोड आहे."
यंत्राने एक सुस्कारा टाकला.
"पण हवा हलत नाही."

मग बोटाने खूण केली : लाल.
"आधी स्टँडबाय," लगेच दटावलं,
"चालू अंगावर खटका फिरवू नये."
स्टँडबाय केलं, खटका फिरवला.
मधल्या शांततेत
नळीच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं.

मी एकच कॉर्ड वाजवला, खालचा, सहाही तारांचा.
कपाटातले पेले किणकिणले.
स्वयंपाकघरातून लेक धावत आली,
दाराशीच थांबली.
मास्तरांनी हात पुढे करून
तळवा जाळीच्या कापडासमोर धरला,
शेकोटीपुढे धरतात तसा,
आणि लेंग्याचा काठ हलताना बघत राहिले.
"हां," म्हणाले. "ही."
आणखी एकदा म्हणून बोट वर केलं.
लेकीने मान हलवली : नको.
मी बोटाचं ऐकलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरने
अँपचं अर्धं तिकीट फाडलं.
"वजन किती?"
"बावीस किलो."
त्याने एकवार माझ्याकडे पाहिलं, सुटे पैसे दिले.
मी गुडघ्यांत धरून बसलो.
आतला ट्रान्सफॉर्मर
कोरेगाव येईपर्यंत कोमट होता.