असंच हवंय

माझं काम भिंतींना धडकायचं.
आठ तास, पगारी.
डंडीत, बंद पडलेल्या तागाच्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी मॉर्वेन गेडिसच्या डोंगरांवर डोकं आपटायचो
आणि जिथं आरपार जाई तिथं नोंद करायचो:
इथं जग उसवलंय. शिवून द्या.

ती शिवायची.

तिची आई घड्याळांच्या कारखान्यात होती.
पुढं त्याच बाकावर कंप्युटर जोडायला लागली.
त्यातला एक, झाकण चिरलेला, घरी आला,
कसा ते विचारू नका,
आणि अकरा वर्षांच्या मॉर्वेननं त्यात
पहिल्यांदा सोडलं ते पाणी.
तलवार नाही, राक्षस नाही.
अठ्ठेचाळीस केबीत मावेल एवढी नदी,
चार चित्रांत वाहणारी, जरा अडखळत.
"पाणी सोडा, माणसं आपोआप येतात,"
असं ती नव्या पोरांना सांगायची.
पोरं वहीत लिहून घ्यायची
आणि ड्रॅगनच काढायची.

पहिला गेम कॅसेटवर, काकाच्या व्हॅनमधून विकलेला.
दुसरा कुणी घेतलाच नाही.
तिसऱ्यात धुकं.
लांबचं दाखवायला मेमरी पुरत नव्हती
म्हणून तिनं क्षितिजावर धुकं ओतलं.
समीक्षकांनी लिहिलं: गूढ, काव्यमय.
ते कात्रण तिनं संडासाच्या दाराला आतून चिकटवलं.

मग ते मोठं जग, ज्यात हजारो लोक एकाच वेळी राहायचे.
त्यातल्या एका देशाला नाव द्यायला तिचा अख्खा मार्च गेला.
तिथल्या शिव्या दोन दिवसांत झाल्या.
कंपनी तीनदा विकली गेली,
खुर्च्या त्याच, करकरणाऱ्या.

आई गेली त्या हिवाळ्यात
उत्तरेच्या धक्क्यावर एक नावाडीण उभी राहिली.
ती खजिना देत नाही, वाट सांगत नाही,
मारली तरी मरत नाही.
जवळ गेलं की म्हणते,
"कोट घेतलास ना? पलीकडं वारं आहे."
बस्स.

मी नोंद केली, चार हजार एकशे सतरा:
नावाडीण निरुपयोगी. वाक्य पुन्हापुन्हा तेच.
दुपारी उत्तर आलं, दोन शब्दांचं:
असंच हवंय.

कॅलिफोर्नियाहून आलेल्या गृहस्थांनी बैठकीत विचारलं,
ही बाई खेळाडूला देते काय?
मॉर्वेननं चहात बिस्किट बुडवलं. ते तुटलं.
चमच्यानं काढेपर्यंत सगळे थांबले.
"विचारते," ती म्हणाली. "विचारते ना."

शेवटच्या रात्री आम्ही दोघंच वर होतो, हीटर एक.
बाराला सर्व्हर बंद व्हायचा होता.
मला वाटलं, लोक राजधानीत जमतील, आतषबाजी करतील.
थोडे गेले तिकडं.
बाकीचे उत्तरेला.
धक्क्यापासून टेकडीपर्यंत रांग.
अकरा-अकरा वर्षं कमावलेल्या तलवारी गवतात टाकलेल्या,
चिलखतं उतरवलेली,
आणि प्रत्येकाच्या अंगात
पहिल्याच गावात फुकट मिळतो तो तपकिरी कोट.
एकेक जण पुढं येई.
ती विचारी.
तो बाजूला होई.

दहा मिनिटं उरली तेव्हा मॉर्वेननं कीबोर्ड ओढला.
मला वाटलं, आता काहीतरी बदलणार, तिला अधिकार होता.
ती रांगेत जाऊन उभी राहिली,
शेवटून सातवी.

नंबर लागला नाही.

खाली दारात आलो तर टे नदीवर धुकं,
पलीकडचा किनारा अजून आलेला नव्हता.
सवयीनं मी कठड्याला हात लावून पाहिला.
पक्का होता.
माझा कोट वरच राहिला होता.
तिनं माझ्याकडं पाहिलं,
काही बोलली नाही,
आणि परत जिना चढायला लागली.