सहावा चॅनल

खोक्यावर छापलंय : आठ चॅनल.
मुबीनभाई बोटानं भोकं मोजून दाखवतो.
माईक घुसेल अशी चारच,
बाकीची जोडीजोडीची, की-बोर्डवाल्यांची.
"आठ के पैसे, चार का माल,"
म्हणतो, आणि सोल्डरचा धूर
फुंकरीनं बाजूला सारतो.

परभणी, स्टेशन रोडच्या मागचा बोळ.
पूर्ण्याहून सकाळच्या पॅसेंजरनं आलोय
नऊ हजार चारशे खिशात घेऊन.
मिक्सर आणायला चाललो म्हटलं तर
बायको म्हणाली, बरं झालं, चटणी वाटून वाटून हात गेले.
तिला काही समजावलं नाही.
सहाशे तर दहा-दहाच्या नोटांत आहेत,
पालमच्या कार्यक्रमात पेटीवर पडलेल्या.
एकीला अजून हळद.

धुराजीकाकांनी बजावलं होतं :
दिसायला भारी घे. लाइटी लागल्या पाहिजेत.
लोक म्हणले पाहिजेत, पार्टी मोठी झाली.
तसा एक आहे दुकानात. बारा चॅनल,
निळ्या-हिरव्या बत्त्या, सोळा तऱ्हेचा एको.
लावून बघितला.
विहिरीत पडलेला माणूस मदत मागतोय, असा एको,
आणि मागं स्टोव्ह पेटल्यासारखी सूं सूं.
"बत्त्यां देखने को लोगां नई आते,"
मुबीनभाई एवढंच बोलला.

मी वहीत मांडत बसलो.
काका, एक.
पेटी, एक.
ढोलकीला खरं तर दोन, भागवून घ्यायचं एकावर.
सटवाजीचा बेंजो.
की-बोर्डवालं पोरगं, नवीन आलंय, त्याला नाही म्हणता येत नाही.
आणि पंचफुलाबाई.

इथं पेन थांबलं.
चौदा वर्षं बाई ढोलकीच्या माईकात
वाकून कोरस म्हणते.
अर्धा माईक, अर्धं तोंड.
थाप जोरात बसली की
ओळ तिथंच जिरते.
तिनं कधी मागितला नाही.
आम्ही कधी विचारलं नाही.

मग मुबीनभाईनं कपाटामागून तिसरा काढला.
नांदेडच्या कुठल्या ऑर्केस्ट्राचा,
भावाभावांत फुटली ती.
काळा, ओबडधोबड, एकही रंगीत बत्ती नाही.
एका गुंडीच्या जागी पेनाचं टोपण,
तिसरा फेडर अर्ध्यावर अडकतो.
पण माईकची भोकं सहा. सहाही जिवंत.
लॅपटॉपला वायर जोडली की रेकॉर्डिंग.
"नौ हजार दे. चार सौ की केबलां ले जा.
वायर में कंजूसी नक्को."

संध्याकाळी समाजमंदिरात मांडला.
काकांनी चारी बाजूंनी बघितला,
"लाइटी कुठंयत?"
मी हेडफोन चढवला.
पाच फेडर खाली ओढले,
सहावा तेवढा वर.
म्हणा बाई, धृपद म्हणा.

काका म्हणतात,
"गावाबाहेरचं घर आमचं."
अख्खी पार्टी तेच म्हणते.
कानात आलं,
"गावाआधीचं घर आमचं."

परत म्हणायला लावलं.
परत तेच.
"कामून बदललं बाई?"
"म्या कुठं बदललं?
मी तर पहिल्यापासून असंच म्हणूलाले.
सडकेनं या की कधी,
गाव लागायच्या आधी आमचंच घर लागतंय."

चौदा वर्षं.
जिंतूर, मानवत, गंगाखेड, लोहा,
किती मांडव, किती रात्री,
ढोलकीच्या खाली हा शब्द चालू होता.

काकांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला.
ऐकलं. डोळे मिटून, एकदा.
मग तंबाखू मळत बसले बराच वेळ.
शेवटी ढोलकीवाल्याकडं बघून म्हणाले,
"ऐकलं का रे? रविवारपासून असंच."
लिहिणारे काकाच होते.

अडकणारा फेडर
मी काकांच्या माईकला दिलाय.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.