बाब

जहरा. सरकारी शाळा, दुसरीचा वर्ग.
ऑक्टोबर अर्धा सरला तरी उन्हाला घरी जायची घाई नाही.
एसी बंद, म्हणून मी शिडीवर,
ओठांत चार स्क्रू.

खाली पोरं हाका मारतात : अबला! अबला!
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलो होतो.
इकडे बाईंना तसंच म्हणतात.
अबला इब्तिसाम, मन्सूऱ्याच्या,
आवाज असा की माझ्या ड्रिलने लाजावं.

मागच्या बाकावरचा मिशारी
ठिपके कुठेही टाकतो,
खालचे वर, वरचे खाली,
मीठ भुरभुरावं तसे.
बाई खिशातून खजुराची बी काढतात,
बाकावर खडूने उताणी होडी.
"बी कुठे पडली? होडीत, की पाण्यात?"
"पाण्यात."
"मग हा ब."

दारात तपासणीसबाई, हातात फॉर्म.
गेल्या वर्षीचा बोनस दोन गुणांनी हुकला,
शेरा : फलकलेखन अनियमित.
हे मला फर्राश नझरुलने सांगितलं, चहा देताना,
स्वतःचेच पैसे गेल्यासारखं.

असला कागद मी ओळखतो.
अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावर शिक्षणसेवक होतो मी.
सहा हजार, तेही तीन महिन्यांनी एकदम.
खिचडीचा तांदूळ मोजला, घरं मोजली,
गुरं, संडास, मतदार मोजले.
साहेब आले की तक्ता पुढे.
पहिला रकाना : बाब.
पुढे होय किंवा नाही.
पोर वाचू लागतं त्या घटकेला रकाना नव्हता,

असं मी सगळ्यांना सांगतो.
सांगत नाही ते हे, की तिसऱ्या वर्षी
मी खिडकीबाहेर बघत पाढे म्हणवून घ्यायचो
आणि कोण चुकतंय ते ऐकत नव्हतो.

तपासणीसबाईंनी कपाळ टिपलं. "किती वेळ?"
"पाच मिनिटं," मी म्हटलं. वीस लागणार होती.
त्यांनी उभ्या उभ्या दोन चौकोनांत खुणा केल्या
आणि मुख्याध्यापिकेच्या गार खोलीकडे निघाल्या.

मिशारी अजून बाकावर वाकलेला.
होडी. काठी. होडी.
दोन बिया, दोन्ही पाण्यात.
ओठ मिटले, उघडले,
परत मिटले.
"बाब."
आणि मान वर करून त्याने बोट दाखवलं
उघड्या राहिलेल्या दाराकडे.

त्याच्या भाषेत बाब म्हणजे दार.

बाई काही बोलल्या नाहीत.
इकडेतिकडे पाहिलं त्यांनी, कुणी मोठं माणूस आहे का,
आणि मग वर, शिडीकडे.
माझ्या तोंडात स्क्रू.
मी मान हलवली, दोनदा,
शिडीही हलली.

दुपारी जॉबकार्डावर
मशीन नंबर, वेळ, सही.
शेऱ्याच्या ओळीत देवनागरीत लिहिलं :
वाचलं.

सुपरवायझरने विचारलं, हे काय?
म्हटलं, गॅस भरला.