पाच नंबरचं मशीन

जामनेर रोडवर, पंक्चरच्या दुकानामागे
माझी पाच मशीन, एक कूलर.
तासाला वीस रुपये. उधारी फक्त बोरोलेच्या पोराला,
कारण त्याचा बाप वायरमन आहे.

मे महिना. भुसावळ सेहेचाळीसवर.
आत सगळे मुखवटे लावून, पाठीला लाल-निळे पदर लावून
एकमेकांना गोळ्या घालतात.
खेळ चित्रांच्या पुस्तकासारखा काढलेला,
काळ्या जाड रेघा, गालांवर स्वस्त छपाईचे ठिपके.
मेलेला माणूस पडत नाही,
शाई सांडावी तसा पसरतो
आणि दहा मोजेस्तोवर शेजारच्या चौकटीतून
नवाकोरा चालत येतो.

आणि आवाज लिहून येतात.
बंदुकीच्या तोंडाशी पिवळं ढिश्क्यांव,
भिंतीपलीकडे कोणी चाललं
की भिंतीच्या वर, हवेतच
टप टप टप.
लांब असेल तर मुंगीएवढं.
अंगावर आलं की बामणोदच्या वांग्याएवढं.
अक्षरं इंग्रजी आहेत, पण टप तो टपच.

साबीर तडवी यावलहून एसटीने येतो.
कानाचं मशीन शर्टाच्या खिशात,
घामाने बिघडतं म्हणून.
बसतो पाच नंबरवर,
ज्याच्या हेडफोनची वायर उंदराने खाल्ली
आणि मी दोन वर्षं आणू आणू म्हणतोय.

मंगळवारी त्याने कुणालला सलग अकरा वेळा मारलं.
पाठीमागून आलेल्या कुणालला, वळून.
"हा हॅक करू राहिला भो!"
"याले ऐकू येत नाही, तं मागचं कळते कसं?"
रेल्वे क्वार्टरची चारही पोरं माझ्या टेबलाशी,
जशी काही मी थर्ड अंपायर.

मी म्हटलं, काढा कानातलं. सगळ्यांनी.
खेळा असंच.
हसले आधी. मग एकेकाचा चेहरा
पडद्याजवळ जायला लागला.
महिनाभर खेळत होते,
त्या अक्षरांना नक्षी समजत होते.
कुणाल एकदाच बोलला, तोही हळू,
"अरे, इथं तं सगळं लिहेल आहे."
तरी हरले ते. बाराव्यांदाही.

मग लाईट गेली.
समोर दीपनगरची चिमणी धूर सोडत उभी,
तिथेच वीज बनते, आणि इथे लाईट गेली.
कूलर घरघरून थांबला
(हे मी सांगतोय. साबीरने फक्त
घामाचा थेंब उलट फिरल्यासारखं केलं).
सगळे बाहेर, ओट्यावर.

यार्डातून कोळशाची मालगाडी निघाली.
साबीरने माझी बाही ओढली,
डब्यांच्या वर हवेत बोट दाखवलं
आणि दोन्ही तळवे उघडले:
काय लिहिलंय?

मी बिलाचं रजिस्टर घेतलं.
धडधड लिहिलं. त्याने नाक मुरडलं.
खडाडखड लिहिलं. तेही नको.
तो उठला, विजेच्या खांबाला हात लावून थांबला,
मग गाल लावला. डोळे मिटले.
पेन माझ्या हातातून घेतलं आणि
साडेपाच ते सहाच्या रकान्यात सुरू केलं
बारीक ढ, त्याला जोडून अजून एक ढ,
मग मोठा, रेघा ओलांडून मोठा,
बोरोलेची उधारी, कुणालचे चाळीस रुपये
सगळ्यांवरून गेला तो ढ,
पान संपलं तेव्हा गार्डाचा डबा जात होता.
तिथे त्याने एक टिंब ठेवलं.

वाचता येत नाही ते.
मी दोनदा प्रयत्न केला, एकटा असताना, शटर पाडून.

लाईट आली. चारही मशीन टूं करून उठली,
पोरं आत पळाली, जागेवरून भांडली.
साबीर तिथेच उभा.
मी त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं,
पुढच्या तासाचे पैसे नको, असंच काहीतरी,
तर तो माझ्या तोंडाकडे नाही,
माझ्या डोक्याच्या जरा वर,
उजवीकडे बघत होता.
वाट बघत.

मीही वर बघितलं.